फाशीच्या अंमलबजावणीतील विलंब : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल (२०१९)

पुण्यातील बीपीओ कर्मचारी महिलेवरील बलात्कार व खून (२००७) प्रकरणातील दोन दोषींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी रद्द केली व त्यांना ३५ वर्षांची जन्मठेप दिली. दोषसिद्धीला धक्का लावलेला नाही. शिक्षा कायम झाल्यावर दोषीला मृत्यूच्या छायेत किती काळ ठेवता येते, एवढाच प्रश्न होता.

संविधानात क्रूर शिक्षेला मनाई करणारे स्वतंत्र कलम नाही. हे संरक्षण न्यायालयांनी अनुच्छेद २१ मधून (जीविताचा हक्क) काढले. अवाजवी विलंब झाल्यास फाशी रद्द व्हावी, या तत्त्वाचा उगम बहुधा वैथीश्वरन खटल्यात (१९८३) मानला जातो. दोन वर्षांहून अधिक विलंब फाशी रद्द करण्यास पुरेसा, असे त्यात म्हटले होते. त्याला आधार होता जमैकाच्या रायली खटल्यात (१९८२) प्रिव्ही कौन्सिलच्या (जमैकासाठीचे लंडनमधील अंतिम अपील न्यायालय) दोन न्यायमूर्तींनी दिलेल्या अल्पमताचा. हे सूत्र एडिगा अनम्मा खटल्यापर्यंत (१९७४) मागे नेता येते; पण तेथे विलंब ही शिक्षा ठरवतानाची अनेकांपैकी एक बाब होती, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. दोन वर्षांची मर्यादा शेरसिंग (१९८३) व त्रिवेणीबेन (१९८८-८९) खटल्यांत नाकारली गेली. शत्रुघ्न चौहान निकालाने (२०१४) दया अर्जावरील अवाजवी विलंब म्हणजे छळ, हे पक्के केले.

पुणे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये फाशी कायम केली. राज्यपालांनी मार्च २०१६ मध्ये आणि राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये दया अर्ज फेटाळले. तरीही सत्र न्यायालयाचे वॉरंट (फाशीचा आदेश) निघाले १० एप्रिल २०१९ रोजी. फाशीची तारीख २४ जून ठरली. दया नाकारल्यानंतरची ही जवळपास दोन वर्षे केवळ कार्यालयीन दिरंगाईत गेली. दोषीच्या बाजूने कोणताही अर्ज प्रलंबित नसताना झालेला असा विलंब सर्वांत असमर्थनीय होय.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशीही मुंबई उच्च न्यायालयानेच जानेवारी २०२२ मध्ये दया अर्जावरील विलंबामुळे जन्मठेपेत बदलली.

सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी पुणे निकाल उचलून धरला. दया अर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष नेमावा, फाशी अंतिम होताच सत्र न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घ्यावे आणि वॉरंट दोषीच्या हाती पडल्यापासून फाशीपर्यंत पूर्ण १५ दिवस द्यावेत, असे निर्देशही दिले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७२ मध्ये दया अर्ज करण्यास ३० दिवसांची, तर राज्याचे अभिप्राय मिळाल्यावर केंद्राच्या शिफारशीस ६० दिवसांची मुदत आहे.