सशांमधील एन्सेफॅलिटोझून संसर्ग

पाळीव सशांना होणारा एक परजीवीजन्य आजार. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा त्याला कारणीभूत असलेला एकपेशीय जीव मायक्रोस्पोरिडिया गटातला आहे. पूर्वी हा गट आदिजीवांत धरला जाई. आता तो कवकांच्या जवळचा मानतात. १९२२ मध्ये लुळ्या पडलेल्या सशांमध्ये या परजीवीची प्रथम नोंद झाली. त्याचा बीजाणू जेमतेम अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीचा असतो. आत वेटोळे घालून बसलेली नळी झटक्यात बाहेर पडते आणि तिच्यातून परजीवी यजमानाच्या पेशीत उतरतो.

बीजाणू पसरतात ते मुख्यतः लघवीतून. बाधा झाल्यावर सुमारे महिन्याभराने ते लघवीत येऊ लागतात आणि तिसऱ्या महिन्यानंतर बरेच कमी होतात. आईकडून पोटातल्या पिल्लालाही बाधा होते. पुण्यात ससा बहुधा फ्लॅटच्या गॅलरीत असतो. पिंजऱ्यात खाली वर्तमानपत्र आणि त्याच कागदावर टाकलेली मंडईतली मेथी किंवा लसूणघास. लघवीने भिजलेला पाला सशाच्या पोटात जातो. खरी अडचण इथेच आहे. चारा जाळीला उंचावर अडकवला आणि कागद रोज बदलला, तर धोका बराच घटतो.

अनेक सशांत लक्षणे दिसतच नाहीत. दिसतात तेव्हा मात्र घरचे हादरतात: सकाळी ससा मान एका बाजूला पूर्ण वळवून बसलेला, बुबुळे भराभर हलणारी, उठायला गेला की त्याच कुशीवर कोलमडून लोळणारा. काहींचे मागचे पाय लुळे पडतात, काहींना लघवी आवरत नाही, काहींच्या डोळ्यात पांढरा ठिपका येतो. मान कानाच्या आतल्या संसर्गानेही वाकडी होते, त्यामुळे तपासणी टाळू नये. रक्तात प्रतिपिंडे (परजीवीशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने) सापडली म्हणजे आजार याच परजीवीमुळे आहे असे सिद्ध होत नाही. उपचारात फेनबेंडाझोल साधारण २८ दिवस देतात. मान थोडी वाकडी राहिली तरी कित्येक ससे व्यवस्थित खातात-पितात आणि छान जगतात. घाईने आशा सोडू नये.

निरोगी माणसाला या परजीवीपासून आजार होण्याची शक्यता फार कमी आहे. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा केमोथेरपी घेणारे यांना मात्र मूत्रपिंड, डोळे, फुप्फुसे किंवा मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. त्यावर अल्बेंडाझोल वापरतात. अशी व्यक्ती घरात असेल तर पिंजरा दुसऱ्या कोणी हातमोजे घालून साफ करावा, तो उकळत्या पाण्याने किंवा ब्लीचच्या द्रावणाने धुवावा, आणि डॉक्टरांना घरात ससा असल्याचे सांगावे. घाबरून सशाला वेताळ टेकडीवर सोडून देणे हा उपाय नव्हे, ती क्रूरता आहे. पाळीव ससा मूळचा युरोपातला. तो आपल्या रानसशाच्या जातीचा नाही आणि भटक्या कुत्र्यांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

सशामुळे घरच्यांना होणारा त्रास बहुधा वेगळ्याच परजीवीचा असतो. शेलेटिएला हे कोळ्यांच्या वर्गातले सूक्ष्म माइट सशाच्या पाठीवर कोंड्यासारखे दिसतात; नीट पाहिले तर कोंडा हलतो. सशाला उचलून घेणाऱ्याच्या हातांवर आणि पोटावर लाल, खाजरे पुरळ उठते. सशावर उपचार झाले की ते बहुधा आपोआप जाते. मात्र कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेला फिप्रोनिलचा स्प्रे सशावर कधीही मारू नये. तो त्याच्या जिवावर बेततो.