मुंबईतून हद्दपार झालेला चेहरा : ऑस्ट्रेलियातल्या ‘जुन्या वसाहतकारां’च्या फोटोंची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात आज टिकून असलेला सर्वांत जुना फोटो एका डॉक्टरचा आहे, आणि त्या डॉक्टरची गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईत. विल्यम ब्लँड हे ब्रिटिश नौदलातले शल्यचिकित्सक. 1813 च्या एप्रिलमध्ये ‘हेस्पर’ हे त्यांचं जहाज मुंबईत होतं. जहाजाचा हिशेब आणि कोठार सांभाळणारे रॉबर्ट केस यांच्याशी त्यांचं वाजलं, भांडण द्वंद्वापर्यंत गेलं आणि त्यात केस मारले गेले. खटला मुंबईतच चालला. ब्लँड खुनाचे दोषी ठरले; दयेची शिफारस झाल्यामुळे फाशी टळली आणि सात वर्षांच्या हद्दपारीवर निभावलं. 1814 मध्ये ते कैदी म्हणून सिडनीत उतरले.

पुढच्याच वर्षी त्यांना माफी मिळाली. त्यांनी दवाखाना थाटला, गव्हर्नर मॅक्वारी यांची बदनामी करणारा मजकूर लिहिल्याबद्दल पुन्हा वर्षभर तुरुंगात गेले, सुटून आले आणि अखेर 1843 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेवर निवडून आले. खुनी म्हणून आलेला माणूस तीस वर्षांनी लोकप्रतिनिधी झाला. 1845 च्या सुमारास जॉर्ज बॅरन गुडमन या फोटोग्राफरने त्यांचा फोटो काढला. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा तो लहानसा पत्रा आज सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्य ग्रंथालयात आहे.

वसाहतकाळातल्या व्यक्तिचित्रांचा इतिहास सांगायला याहून योग्य चेहरा मला सापडत नाही. कारण या फोटोंमागचा खरा प्रश्न ‘हा माणूस दिसत कसा होता’ एवढाच कधीच नव्हता. इथे आधी कोण आलं, कुणाला ‘आधीचे’ म्हणायचं आणि कुणाचं नाव चेहऱ्याखाली लिहायचं, हे त्या काचांवर आणि पत्र्यांवर ठरत गेलं.

अशा पत्र्यावर फोटो काढण्याचं, म्हणजे डागेरोटाइपचं, तंत्र पॅरिसमध्ये जाहीर झालं 19 ऑगस्ट 1839 ला. ऑस्ट्रेलियात पहिला फोटो निघाला 1841 च्या मे महिन्यात, सिडनी बंदरात आलेल्या एका फ्रेंच जहाजावरच्या कॅमेऱ्याने. धंदा म्हणून स्टुडिओ उघडला तो मात्र गुडमन यांनी. डिसेंबर 1842 मध्ये, सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवरच्या रॉयल हॉटेलच्या गच्चीवर. गच्चीच का, तर ऊन हवं म्हणून. पत्रा आरशासारखा घासायचा, त्याला आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून समोरच्या माणसाला निश्चल बसवायचं आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. डोकं हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी आकडा असे. जुन्या फोटोंतली माणसं इतकी कडक आणि रागावलेली का दिसतात, असं आपण विचारतो. कॅमेऱ्यापुढे तेवढा वेळ ओठांवर हसू धरून ठेवणं अवघड असतं, हे त्यामागचं एक साधं कारण.

डागेरोटाइपची प्रत काढता येत नाही. तोच पत्रा हे चित्र, दुसरं नाही. हातात धरून तो थोडा कलता केला नाही तर चेहऱ्याऐवजी आपलंच तोंड त्यात दिसतं. किंमतही सामान्य मजुराच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे त्या पहिल्या दशकात दिसतात ते ब्लँड यांच्यासारखे डॉक्टर-पुढारी, नाहीतर बॅथर्स्टच्या लॉसन कुटुंबासारखे बडे जमीनदार. 1813 मध्ये ब्लू माउंटन्स ओलांडणाऱ्या गोऱ्यांच्या तुकडीतले विल्यम लॉसन यांचं हे घराणं. त्यांच्या घरातल्या बायकामुलांचे गुडमन यांनी 1845 मध्ये काढलेले फोटोही त्याच ग्रंथालयात आहेत.

काही चेहरे थोडक्यात हुकले. ॲडलेड शहराची आखणी करणारे कर्नल विल्यम लाइट वारले 6 ऑक्टोबर 1839 ला, म्हणजे डागेरोटाइप जगापुढे आल्यानंतर दोन महिन्यांच्या आत. त्यांची ओळख रंगवलेल्या चित्रांवरच राहिली.

खरा बदल झाला 1851 नंतर. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची ओल्या काचेची पद्धत आली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं. काचेच्या एका निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. सोन्यामागे जगभरातून माणसं आली, त्यांत फोटोग्राफरही आले. 1860 च्या दशकात पुठ्ठ्यावर चिकटवलेले, पत्त्यांच्या पानापेक्षा जरा मोठे ‘कार्ट द व्हिझिट’ घरोघरच्या अल्बमांत जाऊन बसले. आता कारागीर, दुकानदार, खाणीत नशीब काढलेला माणूसही आपला फोटो विलायतेला आईकडे पाठवू शकत होता, आणि गव्हर्नर, मंत्री, धर्मगुरू यांचे फोटो विकतही मिळू लागले.

अशा दिवसांत ॲडलेडमध्ये एक मेजवानी झाली, आणि तिच्यापाशी मला थोडं रेंगाळायचं आहे.

साउथ ऑस्ट्रेलिया ही वसाहत कायद्यानेच वेगळी होती. 1834 च्या ब्रिटिश कायद्यात लिहिलं होतं की इथे कैदी पाठवायचे नाहीत. 28 डिसेंबर 1836 ला ग्लेनेल्गच्या किनाऱ्याजवळ गव्हर्नर हिंडमार्श यांच्या उपस्थितीत वसाहतीची घोषणा झाली. ‘आम्ही स्वतंत्र माणसांनी वसवलेली वसाहत’ हा तिथल्या लोकांचा मोठा अभिमान, आजही बोलण्यात येतो. या घोषणेला 35 वर्षं झाली त्या दिवशी, 28 डिसेंबर 1871 ला, ॲडलेडच्या टाउन हॉलमध्ये सुरुवातीच्या वर्षांत आलेल्या शेकडो जुन्या वसाहतकारांना जेवायला बोलावण्यात आलं. यजमान होते इमॅन्युएल सॉलोमन.

सॉलोमन हे व्यापारी, आमदार, शहरात क्वीन्स थिएटर उभारणाऱ्यांपैकी एक. त्याच 1871 साली बिशपने जोगिणींच्या संघाच्या संस्थापक मेरी मॅकिलप यांना चर्चबाहेर काढलं, तेव्हा रस्त्यावर आलेल्या जोगिणींना या ज्यू गृहस्थाने राहायला बिनभाड्याचं घर दिलं. आणि हेच सॉलोमन तरुणपणी, 1818 मध्ये, भाऊ वायबेन यांच्यासह चोरीच्या गुन्ह्यात हद्दपार होऊन सिडनीला आलेले कैदी होते. शिक्षा भोगून, व्यापारात जम बसवून मग ते ॲडलेडला आले. कैदी नको म्हणणाऱ्या वसाहतीच्या संस्थापकांना मानाने जेवू घालणारा माणूस स्वतः जुना कैदी, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. ज्याला ‘आधीचे’ या शब्दाची किंमत कळली, त्यानेच ती पंगत मांडली.

मेजवानीला आलेल्यांचे फोटो काढण्याचं काम टाउनसेंड ड्युरी यांच्याकडे आलं. ड्युरी मूळचे अमेरिकेतले, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे. 1855 पासून ॲडलेडमध्ये, किंग विल्यम स्ट्रीट आणि ग्रेनफेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्यांचा स्टुडिओ. 1865 मध्ये बांधकाम चालू असलेल्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावरून त्यांनी अख्ख्या शहराचं विहंगम दृश्य टिपलं होतं.

या फोटोंतून तयार झालेला जुन्या वसाहतकारांचा फलक म्हणजे एकत्र उभं करून काढलेला समूहफोटो नव्हे. त्या काळी शेकडो माणसं एका काचेवर स्पष्ट येणं अशक्यच. एकेक जण वेगळा बसायचा. काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, काच कलती करत ते काठापर्यंत सारखं पसरवायचं, सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात काच बुडवायची आणि ती ओली असेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, फोटो काढून धुऊनही व्हायला हवी. ॲडलेडच्या डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा भाजून काढतो. तिथे काच सुकायला किती वेळ लागणार! मग प्रत्येकाचं डोकं-खांदे कात्रीने कापायचे, मोठ्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवायचे आणि त्या पुठ्ठ्याचा पुन्हा फोटो काढायचा. पाहणाऱ्याला वाटावं, सगळे एकाच सभागृहात शेजारी शेजारी बसलेत.

मेजवानी पुरुषांची होती. जुन्या वसाहतीतल्या बायकांचा फलक वेगळा झाला, तो हेन्री जोन्स या फोटोग्राफरचा. त्याच जहाजांतून आलेल्या, त्याच तंबूंत बाळंत झालेल्या या बायकांना स्वतःचा पुठ्ठा मिळाला, नवऱ्याशेजारची जागा नाही.

18 एप्रिल 1875 ला ड्युरी यांच्या स्टुडिओला आग लागली आणि सुमारे 50 हजार निगेटिव्ह जळून गेल्या. वीस वर्षांची मेहनत काही तासांत गेली. त्यानंतर ते ॲडलेड सोडून न्यू साउथ वेल्समध्ये गेले आणि 1888 मध्ये तिकडेच वारले. म्हणून त्या फलकाच्या ज्या प्रती लोकांकडे गेल्या होत्या, त्यांचं मोल इतकं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या राज्य ग्रंथालयाने त्या फलकांतल्या चेहऱ्यांच्या नावानिशी नोंदी केल्या आहेत, आणि आपल्या खापरपणजोबांना शोधणारी माणसं आजही त्यावरून बोट फिरवतात. आपल्या घरच्या जुन्या पेटीतले फोटो उलटून पाहिलेत, तर या कामाची किंमत कळते. मागे शाईने नाव असेल तर ते आजोबा, नसेल तर नुसते ‘कोणीतरी पगडीवाले’.

मेलबर्नमध्येही त्याच सुमारास, 1872 मध्ये, थॉमस फॉस्टर चक यांनी व्हिक्टोरिया वसाहतीच्या संशोधक आणि आद्य वसाहतकारांचा असाच प्रचंड फलक पुरा केला. त्यात सातशेहून अधिक चेहरे आहेत. मेलबर्नच्या संस्थापकांपैकी जॉन बॅटमन 1839 मध्येच वारले होते, कॅमेरा तिथवर पोचण्याआधी. अशा माणसांसाठी फोटोग्राफर जुन्या रंगचित्राचाच फोटो काढत, आणि चक त्या कामात मुरलेले होते. मेलबर्नच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहातल्या चित्रांचे फोटोही त्यांनीच काढले.

आता फलकांच्या बाहेर पाहू. ॲडलेडची जमीन कौर्ना लोकांची, मेलबर्नची कुलिन लोकांची. साउथ ऑस्ट्रेलियासाठी 1836 मध्ये काढलेल्या राजाच्या सनदेत तर स्पष्ट वचन होतं की मूळ रहिवाशांच्या, त्यांच्या वंशजांच्या वहिवाटीला धक्का लागणार नाही. ते पाळलं गेलं नाही. ‘आधी आलेले’ यांच्या गौरवात, त्यांच्या हजारो वर्षं आधीपासून असलेल्यांचा विचार नव्हता.

त्यांचे फोटो निघाले नाहीत असं मात्र नाही. निघाले, ते वेगळ्या कारणाने. टास्मानियात 1866 मध्ये चार्ल्स वूली यांनी ट्रुगानिनी, विल्यम लॅन आणि इतरांचे फोटो काढले, ते मेलबर्नच्या प्रदर्शनात ‘संपत चाललेल्या वंशाचा’ पुरावा म्हणून. ग्राफ्टनमध्ये जॉन विल्यम लिंट यांनी 1870 च्या दशकात स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे झाडंझुडपं मांडून क्लॅरेन्स नदीकाठच्या माणसांना बसवलं. अल्बम खूप खपले; बसलेल्यांची नावं त्यावर नव्हती. अलीकडे तिथल्या वंशजांनी आणि स्थानिक कलादालनाने मिळून त्यातली काही नावं शोधून काढली.

हे वाचताना मुंबईची आठवण न होणं कठीण. इथे 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, स्वतः फोटो काढत होते. त्याच शहरात विल्यम जॉन्सन यांनी स्टुडिओत काढलेले लोकांचे फोटो कापून निसर्गदृश्यांवर चिकटवले आणि 1863 व 1866 मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. कात्री आणि गोंद तोच, पण चित्राखाली माणसाचं नाव नाही. त्याच्या जातीचं किंवा समाजाचं नाव. ॲडलेडमध्ये तीच कात्री प्रत्येकाला व्यक्ती बनवत होती, मुंबईत नमुना.

एक फोटोमालिका या दोन टोकांच्या मधे उभी आहे. मेलबर्नच्या ईशान्येला, हिल्सव्हिलजवळ, 1863 मध्ये कुलिन लोकांनी कोरँडर्क ही वस्ती उभी केली, शेती पिकवली. 1866 च्या सुमारास चार्ल्स वॉल्टर यांनी तिथल्या शंभराहून अधिक जणांचे फोटो काढले, तेही मेलबर्नच्या त्याच प्रदर्शनासाठी. हेतू वूलींसारखाच असेल, पण या चेहऱ्यांना नावं लावलेली आहेत. ती माणसं नीट कपडे करून थेट कॅमेऱ्याकडे पाहत बसली आहेत. आज त्यांचे वंशज आपलं कूळ सिद्ध करायला आणि आजीची आजी पाहायला या फोटोंकडे येतात.

कोरँडर्कचे पुढारी विल्यम बराक. बॅटमन यांनी 1835 मध्ये कुलिन वडीलधाऱ्यांशी जमिनीचा ‘करार’ केला, तेव्हा ते तिथे हजर असलेलं पोर होते. पुढे वस्ती वाचवण्यासाठी ते सहकाऱ्यांना घेऊन मेलबर्नपर्यंत चालत येत, मंत्र्यांना अर्ज देत. 1881 मध्ये सरकारला कोरँडर्कची चौकशी नेमावी लागली. 1903 मध्ये ते वारले.

चक यांचा सातशे चेहऱ्यांचा फलक आज स्वान्स्टन स्ट्रीटवरच्या व्हिक्टोरिया राज्य ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. त्याच रस्त्याने उत्तरेला चालत गेलं की 2015 मध्ये पुरी झालेली बत्तीस मजली इमारत लागते. तिच्या दर्शनी बाजूला पांढऱ्या सज्जांच्या वळणांतून बराक यांचा चेहरा घडवला आहे. खाली उभं राहिलं तर नुसते सज्जे दिसतात. नदीपलीकडे, युद्धस्मारकाच्या बाजूला जाऊन मागे वळून पाहिलं, की डोळे, नाक आणि दाढी जुळून येतात.