खुर्चीचं माप पायापासून

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात एक ताई आहेत. उंची जेमतेम पाच फूट. नवी खुर्ची आली तेव्हा ती आधी त्यांना दिली, कारण कंबरदुखीची तक्रार त्यांचीच होती. खुर्ची महागातली, पाठीला जाळी, मानेलाही आधार. आठवड्याभरात ताई म्हणाल्या, "कंबर आहे तशीच आहे, वर पायांना मुंग्या यायला लागल्यात." खाली वाकून पाहिलं, तर त्यांचे पाय जमिनीला टेकतच नव्हते. चाकांच्या दांड्यांवर टाचा अडकवून त्या दिवसभर बसत होत्या.

मग टेप काढली. तळपायापासून गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंत ३७ सेंटिमीटर. बसल्यावर सीटपासून कोपरापर्यंत २२. टेबलाची उंची ७४. हात टेबलावर सरळ पडायचे तर सीट ५२ सेंटिमीटरवर हवी, आणि पाय टेकायचे तर ३७ वर. मधल्या १५ सेंटिमीटरचा सगळा भार मांड्यांवर येत होता. सीटची पुढची कड मांडीखाली रुतली की तिथल्या रक्तवाहिन्या आणि नसा दाबल्या जातात. मुंग्या त्याच्याच.

पायांचं कळलं, पण कंबर का दुखत होती? त्याचं उत्तर सीटच्या खोलीत होतं, आणि खुर्ची घेताना हेच माप सर्वांत कमी पाहिलं जातं. त्या खुर्चीची सीट पुढून मागे ४९ सेंटिमीटर होती. ताईंची मांडी त्याहून आखूड. पाठ टेकवायला मागे सरकलं की कड पोटरीला टोचायची, म्हणून त्या पुढे सरकून बसायच्या. पाठीचा आधार, ज्याचे पैसे मोजले होते, तो त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब.

आधार सुटल्यावर शरीरात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. उभं असताना कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूला एक बाक असतो. आपण बसतो तेव्हा मांड्या वर येतात, मांडीमागचे आणि नितंबांचे स्नायू ताणले जातात आणि कमरेचं हाड मागे कलंडतं. त्यासोबत तो बाक सपाट होतो. अमेरिकेतले डॉक्टर कीगन यांनी १९५३ मध्ये हे क्ष-किरण चित्रांतून दाखवलं होतं. १९६० च्या दशकात स्वीडनचे हाडांचे डॉक्टर नाकेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि पुढे वाकून बसल्यावर तो बराच वाढतो असं त्यांना आढळलं. नुसतं बसणं उभं राहण्यापेक्षा वाईट, हा त्यांच्या आकड्यांवरून निघालेला निष्कर्ष मात्र पुढे तसाच टिकला नाही. १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत, सैल बसलेल्या माणसाच्या चकतीतला दाब उभ्या माणसाइतकाच किंवा थोडा कमी भरला. म्हणून 'पाठ ताठ, कोन नव्वद अंशांचा' हा आग्रह मला पटत नाही. पाठ १०० ते ११० अंशांपर्यंत मागे रेलली, की धडाचं थोडं वजन पाठीच्या आधारावर जातं आणि कण्याला विसावा मिळतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हालचाल. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिचं पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपून येतं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी थोडं पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. सकाळपेक्षा संध्याकाळी आपली उंची सेंटिमीटरभर कमी भरते ती यामुळेच. आमच्याकडे ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेली आजी पायाने हलका झोका देत राहते. तिच्या कमरेचा आणि घोट्याचा कोन क्षणाक्षणाला बदलत असतो. मागे रेलल्यावर सोबत हलणारी, हव्या त्या ताणावर ठेवता येणारी पाठ घ्या असं मी सांगतो ते एवढ्यासाठी. आणि पाऊण तासाने उठून पाणी पिऊन या. कुठलीच खुर्ची ते काम करत नाही.

दुकानात गेलात तर चपला काढून बसा. आपल्याकडे बऱ्याच ऑफिसांत चपला दाराबाहेर राहतात, आणि बुटांच्या टाचेचे दोन-तीन सेंटिमीटर धरून केलेली खुर्ची अनवाणी पायांना उंच पडते. पाठ पूर्ण टेकवून बसा. सीटची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटं सहज जावीत. खुर्चीच्या पाठीवरचा कमरेला आधार देणारा उंचवटा पट्ट्याच्या किंचित वर लागला पाहिजे. तो वरखाली होत नसेल तर ती खुर्ची सोडा. खालचे पाय पाच हवेत. गणित सोपं आहे: चार पायांच्या खुर्चीत दोन पायांच्या मधून कलंडण्याची रेषा मध्यापासून पायाच्या लांबीच्या ७१ टक्क्यांवर असते, पाच पायांत ती ८१ टक्क्यांवर जाते. ती जितकी लांब, तितकी खुर्ची कलंडणं अवघड.

आता आपल्या हवेबद्दल. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उरलेले महिनेही खारट, दमट. कृत्रिम चामड्यावरचा पॉलियुरेथेनचा थर बाष्पाने रासायनिकरीत्या तुटत जातो, म्हणून ती काळीशार सीट दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडू लागते. जाळीतून घाम वाळतो आणि बुरशीलाही कमी जागा मिळते, म्हणून किनाऱ्यावर मी डोळे मिटून जाळी निवडेन. सीट वरखाली करणाऱ्या गॅसच्या नळीचा दांडा मात्र पाहून घ्या. त्यावर गंजाचे ठिपके आले की आतली सील घासली जाते आणि खुर्ची आपोआप खाली बसायला लागते. चाकांत अडकलेली लाल माती आणि केस दर महिन्याला काढावे लागतात.

ताईंची खुर्ची आम्ही कमी खोलीच्या सीटशी बदलून घेतली. पायांखाली आधी घरचा पाट ठेवला, पण तो पाच सेंटिमीटरच उंच निघाला. दुसरा त्याच्यावर ठेवला तर घसरायचा. शेवटी सुताराकडून फणसाच्या फळीचा बुटका चौरंग करून घेतला, १५ सेंटिमीटरचा, पुढून जरा तिरका. मुंग्या त्याच आठवड्यात थांबल्या. कंबरेला दोन महिने लागले, आणि अजूनही मार्चअखेरच्या धावपळीत ती बोलते. ताई तेवढ्यापुरत्या उठतात, गॅलरीत जाऊन उभ्या राहतात आणि परत येऊन आधी चौरंग पायाने जवळ ओढून घेतात.