मुरगळलेला घोटा आणि पीआरपीचं इंजेक्शन

मुरगळलेल्या घोट्यावर पीआरपीचं इंजेक्शन घ्यावं का, हे ठरवण्याआधी त्याचा इतिहास पाहू. डेंग्यूची साथ आली की नांदेड, लातूर, बीडमध्ये प्लेटलेटच्या पिशवीसाठी नातेवाइकांची रक्तपेढीकडे धावपळ सुरू होते. पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा (प्लेटलेट भरपूर असलेला रक्तद्रव), याची सुरुवात अशाच गरजेतून झाली. १९७०च्या दशकात प्लेटलेट घटलेल्या रुग्णांना तो चढवला जाई. पायाच्या दुखापतीशी त्याचा तेव्हा काहीही संबंध नव्हता.

त्याच दशकात, १९७४ साली, प्लेटलेटमधून स्रवणारा आणि पेशींच्या वाढीला चालना देणारा एक घटक संशोधकांना सापडला. प्लेटलेट रक्त गोठवतात आणि जखम भरायलाही हातभार लावतात, हे त्यातून स्पष्ट झालं. मग रुग्णाचंच थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेटचा दाट थर वेगळा करायचा आणि तो दुखऱ्या जागी टोचायचा, ही कल्पना रुजत गेली. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८मध्ये जबड्याच्या हाडाच्या रोपणात तिचा वापर प्रसिद्ध केला. २००६मध्ये टेनिस एल्बोवरचा, म्हणजे कोपराच्या दुखण्यावरचा, छोटा अभ्यास आला.

खरा गाजावाजा झाला २००९मध्ये. अमेरिकी फुटबॉलपटू हाइन्स वॉर्ड याने गुडघ्याचा अस्थिबंध दुखावल्यावर हे इंजेक्शन घेतलं, तो सुपर बोल या अंतिम सामन्यात खेळला आणि त्याचा संघ जिंकला. गोल्फपटू टायगर वुड्सचंही नाव या इंजेक्शनशी जोडलं गेलं. मला इथेच गडबड दिसते: एक खेळाडू बरा झाला एवढ्यावर उपचाराची कीर्ती पसरली, कसोटी मागून आली. पुढच्याच वर्षी घोट्यामागच्या जाड स्नायुबंधाच्या (अकिलीस टेंडनच्या) जुन्या दुखण्यावर नेदरलँड्समध्ये झालेल्या ५४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. पीआरपी आणि नुसतं सलाइन यांत फरक आढळला नाही.

मुरगळलेल्या घोट्याची थेट कसोटी २०१५मध्ये लागली. अमेरिकेतल्या एका आपत्कालीन विभागात चाळीसहून कमी रुग्णांना पीआरपी किंवा सलाइन दिलं, कुणाला काय मिळालं ते लपवून. वेदना आणि हालचाल दोन्हीकडे सारखीच राहिली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात १६ अव्वल खेळाडूंपैकी पीआरपी घेतलेले सरासरी ४१ दिवसांत मैदानावर परतले, तर इंजेक्शन न घेतलेल्यांना जवळपास ६० दिवस लागले. पण ती घोट्याच्या वरच्या बाजूची, वेगळी आणि जड दुखापत होती, आणि तुलनेसाठी खोटं इंजेक्शनही दिलेलं नव्हतं. बाहेरच्या बाजूचा नेहमीचा मुरगळा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्यामुळे मधल्या काळात घेतलेल्या कोणत्याही उपचाराला श्रेय मिळतं. आपल्याकडच्या आंबेहळद-रक्तचंदनाच्या लेपालाही ते असंच मिळत आलं आहे.

धाराशिवच्या मैदानावर खो-खो खेळणारी मुलगी असो, भेगाळलेल्या काळ्या रानात पाय वाकडा पडलेला शेतकरी असो, की फडात मोळी उचलताना लचकलेला ऊसतोड मजूर, पायावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर आधी एक्स-रे काढावा. ताज्या सुजेवर जोरात चोळून घेऊ नये. हाड मोडलेलं नसेल तर घोट्याला पट्टा बांधून लवकर चालायला लागावं आणि पुढे एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. पुन्हा पाय मुरगळू नये म्हणून या व्यायामाचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे. पीआरपीचे काही हजार रुपये त्याआधी खर्च करण्याचं कारण आजवरच्या पुराव्यात मला सापडत नाही.