चेनचे वंगण नेमके कोठे पोहोचायला हवे?

मोटरसायकलच्या चेनची खरी झीज बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यांवर होत नाही, तर प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीचे बुश (छोटी पोकळ नळी) यांच्यामधल्या अरुंद फटीत होते. चेन सैल पडून ‘लांबली’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा पोलाद ताणले गेलेले नसते. शंभराच्या आसपास सांध्यांतील सूक्ष्म झिजेची ती बेरीज असते.

इंजिनाच्या बेअरिंगमध्ये अखंड फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगत राहतो. चेनची पिन मात्र पूर्ण फिरतच नाही. पुढच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, १५ दाते असतील, तर त्यावर चढताना सांधा फक्त २४ अंशांत वाकतो आणि उतरताना पुन्हा सरळ होतो. एवढ्याशा हालचालीत तेलाचा जाड थर तयार होत नाही, म्हणून धातूला धरून राहणारी आणि प्रचंड दाब सोसणारी रसायने वंगणात असावी लागतात. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची अशी संयुगे असतात. अनेक वाहन-उत्पादक चेनसाठी ते सुचवतात, हे योग्यच आहे.

दाटपणाचा पेच अधिक अवघड आहे. मागच्या स्प्रॉकेटला ४५ दाते आणि चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला पुढच्या स्प्रॉकेटवरून वळणाऱ्या तेलाच्या थेंबाला गुरुत्वत्वरणाच्या जवळपास ९० पट त्वरण लागते. पातळ तेल फटीत शिरते, पण असे भिरकावले जाते. दाट ग्रीस टिकते, पण आत शिरत नाही आणि धूळ धरून पॉलिश पेपरासारखे घासू लागते. चेनच्या स्प्रेमध्ये दाट वंगण उडून जाणाऱ्या द्रावकात मिसळलेले असते. द्रावक उडेपर्यंत गाडी थांबवून ठेवली, तरच त्याचा उपयोग होतो.

ओ-रिंगच्या, म्हणजे सांध्यांत रबराच्या कड्या असलेल्या, चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच बंद केलेले असते. बाहेरचे वंगण तेथे पोहोचत नाही. त्याचे काम बुशवर फिरणारे रोलर आणि दाते यांची झीज कमी करणे, गंज रोखणे आणि रबराच्या कड्या मऊ ठेवणे एवढेच. त्यामुळे अशा चेनसाठी ‘ओ-रिंगला सुरक्षित’ असा उल्लेख असलेलेच वंगण घ्यावे, आणि ती साफ करताना पेट्रोल व तारेचा ब्रश कटाक्षाने टाळावा. धुळीच्या रस्त्यांवर मेणाचा कोरडा थर देणारा स्प्रे मला अधिक पटतो. सततच्या पावसात चिकट वंगण बरे. कोणतेही निवडले, तरी ते इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत, चेनच्या खालच्या पदराला आतल्या बाजूने लावावे, म्हणजे फिरताना ते बाहेर सरकत सांध्यांमधून जाते.