विकरे आणि सजीवांतील रासायनिक ऊर्जा

सजीवांच्या पेशींत चालणाऱ्या रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारे आणि अभिक्रिया संपल्यावर स्वतः मूळ रूपात शिल्लक राहणारे रेणू म्हणजे विकरे किंवा एंझाइमे. बहुतेक विकरे प्रथिने असतात. काही आरएनए रेणूही हेच काम करतात. एखादी अभिक्रिया कोणत्या दिशेने जाईल हे मुक्त ऊर्जेतील, म्हणजे काम करण्यासाठी उपलब्ध असलेल्या ऊर्जेतील, फरकावर ठरते, आणि त्या दिशेने ती किती वेगाने जाईल हे विकर ठरवते. या दोन गोष्टींची गल्लत फार वेळा होते, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवे की विकर अभिक्रियेला ऊर्जा पुरवत नाही, तिचा समतोलबिंदू बदलत नाही, आणि ऊर्जेच्या दृष्टीने उलट्या दिशेची अभिक्रिया एकट्याच्या बळावर घडवूनही आणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा, भोगावती या नद्यांच्या काठी पिकणाऱ्या उसात साखर तयार होणे आणि तोडणीनंतर ती घटणे या दोन्ही घटनांतून हा भेद स्वच्छ दिसतो. म्हणून या नोंदीत तेच उदाहरण विस्ताराने घेतले आहे.

उसातील साखर म्हणजे सुक्रोज. पाण्याचा एक रेणू घेऊन सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात, तेव्हा प्रमाणित स्थितीत मोलमागे सुमारे २९ किलोज्यूल मुक्त ऊर्जा बाहेर पडते. ऊर्जेचा हिशेब पाहता ही अभिक्रिया आपोआप व्हायला हवी. तरीही साखरेचे शुद्ध, उदासीन द्रावण साध्या तापमानाला ठेवले, तर त्यातील निम्मी साखर फुटायला शेकडो वर्षे लागतील. कारण जुना बंध तुटण्यापूर्वी रेणूंना एका अस्थिर मधल्या अवस्थेतून जावे लागते आणि तेथवर पोहोचण्यापुरती ऊर्जा फारच थोड्या रेणूंकडे असते. या जादा ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. इन्व्हर्टेज हे विकर ती अवस्था स्थिर करते, म्हणजेच सक्रियण ऊर्जा कमी करते, आणि शतकांचे काम क्षणांवर येते. सुटणारी ऊर्जा मात्र तेवढीच राहते.

हा परिणाम विकराच्या आकारातून साधतो. प्रथिनाच्या लांब साखळीच्या घड्यांमध्ये एक लहानशी खोबण असते, तिला क्रियाशील स्थान म्हणतात. ठरावीक रेणूच तेथे बसतो, त्याचा नेमका बंध ताणला जातो आणि भोवतालच्या अमिनो आम्लांचे गट प्रोटॉन देऊन किंवा घेऊन बंध तुटायला मदत करतात. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये या नात्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. रेणू बसताना विकराचाही आकार थोडा बदलतो हे १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँड यांनी मांडले. वेगाच्या बाबतीत विकरांत प्रचंड तफावत आहे. कार्बोनिक अॅनहायड्रेजचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात अभिक्रिया घडवू शकतो, तर हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडून वनस्पतींचे अन्न तयार करण्याची सुरुवात करणारे रुबिस्को सेकंदाला जेमतेम काही रेणू हाताळते.

विकरशास्त्राच्या इतिहासात इन्व्हर्टेजला मानाचे स्थान आहे. मार्सेलीन बेर्थेलो यांनी १८६० मध्ये ते यीस्टमधून वेगळे केले. लिओनोर मिखाएलिस व मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये याच विकरावर प्रयोग करून साखरेचे प्रमाण आणि अभिक्रियेचा वेग यांचा संबंध सांगणारे समीकरण दृढ पायावर उभे केले. साखर वाढवत नेली की वेग आधी वाढतो, पण विकराची सर्व क्रियाशील स्थाने व्यापली गेल्यावर तो एका मर्यादेपलीकडे जात नाही. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर त्याच्या दोन घटकांचे मिश्रण डावीकडे. ही दिशा बदलत जाताना मोजूनच त्यांनी अभिक्रियेचा वेग काढला. प्रकाशाच्या याच गुणधर्मावर साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत उसाच्या रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातील सुक्रोजचे प्रमाण, आजही मोजतात.

आता उलट बाजू. ग्लुकोज व फ्रुक्टोज नुसते एकत्र ठेवून त्यांत कितीही इन्व्हर्टेज घातले, तरी त्यातून उपयोगी पडेल इतके सुक्रोज तयार होत नाही, कारण ती ऊर्जेच्या दृष्टीने चढणीची वाट आहे. उसाचे पान ही अडचण अभिक्रियांची जोडणी करून सोडवते. पेशीचे सार्वत्रिक ऊर्जावाहक असलेल्या एटीपीचा शेवटचा फॉस्फेट गट सुटताना प्रमाणित स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते. एटीपीच्या खर्चातून तयार होणाऱ्या यूटीपी या त्याच्यासारख्याच रेणूच्या साहाय्याने ग्लुकोजवर आधी यूडीपी हा गट चढवला जातो. असे ऊर्जेने भारित ग्लुकोज फ्रुक्टोजच्या फॉस्फेटला जोडले जाते आणि शेवटी फॉस्फेट काढून टाकल्यावर सुक्रोज हाती येते. या प्रत्येक पायरीला वेगळे विकर लागते. शर्करांच्या या भारित रूपांचा शोध लावणारे लुईस लेल्वार यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चयापचयाचे सारे रहस्य या जोडणीत आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही: एका अभिक्रियेतून सुटणारी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाण्याऐवजी दुसरीच्या कामी यावी, यासाठी दोन्ही अभिक्रिया विकराच्या एकाच क्रियाशील स्थानी किंवा सामायिक मधल्या रेणूमार्फत बांधल्या जातात.

कोवळ्या, वाढत्या कांड्यांत आम्लधर्मी इन्व्हर्टेज भरपूर असते, कारण नव्या पेशींना ग्लुकोज हवे असते. कांडे पक्व होत जाते तसे हे विकर घटते आणि सुक्रोज साठते. शेंड्याकडची कांडी म्हणूनच कमी गोड लागतात, आणि वाढे (शेंड्याचा हिरवा भाग) काढून ऊस घाण्यावर नेण्यामागेही हे एक कारण आहे. ऊस तोडल्यावर मात्र तो सुकू लागतो, इन्व्हर्टेजची क्रिया पुन्हा वाढते आणि आत साठलेले सुक्रोज फुटू लागते. त्यासाठी ऊर्जा लागत नसल्याने ही घट थांबवायला ऊस जितका लवकर गाळता येईल तितका गाळणे हाच खरा उपाय आहे. कापलेल्या टोकांतून शिरणारे ल्युकोनोस्टॉक हे जिवाणू आणखी वेगळे नुकसान करतात: सुक्रोजच्या बंधातील ऊर्जा वापरून, एटीपी न खर्चता, ते ग्लुकोजची लांब साखळी म्हणजे डेक्स्ट्रान तयार करतात आणि रस बुळबुळीत होतो.

गुऱ्हाळात याचा परिणाम काहिलीत दिसतो. रस तापून उकळी येईपर्यंत त्यातील विकरांच्या घड्या उलगडून ती निकामी होतात, पण तोवर फुटलेली साखर तशीच राहते. ग्लुकोज व फ्रुक्टोज हवेतील ओलावा शोषतात आणि स्फटिक बनण्यात अडथळा आणतात. अशा रसाचा गूळ मऊ राहतो आणि त्याला कणी येत नाही. रस आम्लधर्मी असल्याने तापवताना विकराशिवायही काही सुक्रोज फुटते, म्हणून मोजका चुना घालून आम्लता कमी केली जाते. रस उघडा राहिल्यावर काळपट होतो तो पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या तांबेयुक्त विकरामुळे. रसवंतीत पिळलेले लिंबू आम्लता वाढवून त्याला आवर घालते. शाहू मार्केट यार्डातील सौद्यात गुळाचा रंग, कणी आणि कठीणपणा पाहून भाव ठरतो, तेव्हा काही अंशी इन्व्हर्टेज व पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या दोन विकरांना किती वेळ मिळाला याचीच पारख होत असते. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात गुळासाठी वाण निवडताना रसातील सुक्रोज आणि फुटलेल्या शर्करांचे प्रमाण पाहिले जाते, तेही याच कारणाने.

२०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. साचलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. ऑक्सिजन असता ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. तो नसता किण्वनातून केवळ २ मिळतात आणि अल्कोहोल तयार होते. एदुआर्त बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या जिवंत पेशींशिवाय, त्यांच्या नुसत्या पिळलेल्या रसाने हेच किण्वन घडवून दाखवले आणि ते विकरांचे काम असल्याचे सिद्ध झाले. म्हणून ऑक्सिजन असताना मिळते तेवढीच ऊर्जा मिळवायला बुडालेल्या पेशींना सुमारे पंधरापट ग्लुकोज जाळावे लागते. पाणी ओसरल्यावर शेंडा कुजलेल्या उसाच्या कांड्यांवरील डोळे फुटून पांगशा येतात. त्यांच्या वाढीसाठी इन्व्हर्टेज पुन्हा कामाला लागते, कांड्यातील सुक्रोज खर्ची पडते आणि साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे असा ऊस गाळपाला आधी नेणे हिताचे ठरते.