डेकल पाण्यात टाकण्याआधी

डेकलच्या, म्हणजे विमानांसारख्या छोट्या मॉडेलवर पाण्यात भिजवून लावायच्या छापील चिन्हांच्या, शीटसोबत हा कागद मुद्दाम घातला आहे. आमच्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "शीट खराब निघाली, लावल्यावर चंदेरी दिसतंय." शीट तपासली तर तिला काहीही झालेलं नसतं. गडबड असते ती खालच्या रंगात.

मॅट रंग डोळ्याला गुळगुळीत वाटतो, पण भिंगाखाली धरा, पॉलिश पेपरसारखा खरखरीत दिसेल. डेकलची पारदर्शक फिल्म त्याच्या उंचवट्यांवर टेकते, खळग्यांत हवा अडकते आणि उजेडात तीच हवा चमकते. यालाच सिल्व्हरिंग म्हणतात. एकदा झालं की ते पुरतं घालवणं अवघड. म्हणून डेकलआधी ग्लॉस क्लिअरचे (चकचकीत, पारदर्शक लेपाचे) दोन-तीन पातळ हात द्या आणि मॉडेल निदान एक दिवस वाळू द्या. इनॅमल रंग असेल तर आणखी थांबा. पावसाळ्यात, हवा दमट असताना, लॅकरचा स्प्रे मारू नका; ओल धरून क्लिअर दुधाळ होतो. आपल्या कोकणपट्टीत जुलै महिना त्यासाठी बादच समजा.

सामान फार लागत नाही. नवं पातं लावलेला कटर, चपट्या टोकाचा चिमटा (टोकदार नको, तो फिल्म फाडतो), दोन मऊ ब्रश, इअरबड आणि बशीभर कोमट पाणी. बोअरचं जड पाणी वापरू नका, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड वॉटर घ्या.

बाटल्यांचा घोळ मात्र नेहमी होतो. सेटर (डेकल जागेवर बसवणारं औषध) डेकलच्या खाली लावायचा, सॉफ्टनर (फिल्म मऊ करणारं) वरून. मायक्रो सेट हा सेटर, त्याचं लेबल निळं; मायक्रो सोल हा सॉफ्टनर, त्याचं लाल. सेटचं झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास येतो. मिस्टर मार्क सेटरमध्ये गोंदही असतो, त्यामुळे जुन्या, गोंद कमी झालेल्या डेकलला तो बरा. मिस्टर मार्क सॉफ्टर फिल्म मऊ करतो. त्याहून कडक औषधं आधी शीटवरच्या बिनकामाच्या तुकड्यावर लावून बघा. मी स्वतः एकदा ही चाचणी न करता जुन्या शीटवर कडक सॉफ्टनर लावला होता. शेपटीवरच्या आकड्यांची पाच मिनिटांत शाई झाली.

उदाहरणादाखल हवाई दलाच्या मिग-२१ चं राउंडेल, म्हणजे पंखावरचं गोल चिन्ह, घेऊ. १९६३ साली दाखल झालेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. १/७२ मापात त्याचा पंखांचा पूर्ण पसारा जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे राउंडेल किती लहान ते बघा. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. शाईच्या कडेलगत फिल्म कापा, जास्तीची झालर ठेवू नका. तुकडा पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा आणि बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत सोडलंत तर गोंद धुऊन जातो. बोटाने हलकं ढकलून बघा. सरकत नसेल तर आणखी थोडं थांबा, ओढू नका.

पंखावर जागेपुरता सेटर लावा. कागद त्या जागेशेजारी टेकवून डेकल ओल्या ब्रशने पंखावर सरकवा. उचलून ठेवायला गेलात तर ते स्वतःवरच दुमडतं. जागेवर आलं की मधून कडेकडे ओला इअरबड फिरवा; घासायचा नाही, लोळवायचा. पाणी निघालं की सॉफ्टनरचा एक हात.

आता हात मागे घ्या. पाच-दहा मिनिटांत राउंडेलला सुरकुत्या पडतील, आणि याच क्षणी लोक घाबरून बोट लावतात. लावू नका. फिल्म त्या वेळी ओल्या पापडासारखी असते, बोटाबरोबर निघून येते. वाळताना ती आपसूक बसते आणि पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेष) तिच्यातून दिसू लागते. रेषेवर फिल्म ताणलेलीच राहिली तर वाळल्यावर नव्या पात्याने रेषेच्या बाजूने हलका छेद देऊन पुन्हा सॉफ्टनर. फुगा राहिला तर सुईच्या टोकाने भोक आणि तोच उपाय.

स्टेन्सिलची, म्हणजे विमानावरच्या सूचनांची, बारीक अक्षरं एका बैठकीत संपवू नका. एक बाजू आज, दुसरी उद्या. नाहीतर एकीकडचं लावताना दुसरीकडचं ओलं डेकल तळव्याला चिकटून जातं.

रात्रभर वाळल्यावर ओल्या फडक्याने गोंदाचे डाग पुसून घ्या, वरून ग्लॉसचा एक पातळ हात द्या, वॉश (रेषांत उतरवायचा पातळ रंग) वगैरे करा आणि सगळ्यात शेवटी मॅट.

घरात जुनी पिवळी पडलेली शीट असेल तर ती पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून, उन्हात लावा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. तडे गेले असतील तर पाण्यात टाकण्याआधी लिक्विड डेकल फिल्मचा हात द्या आणि वाळू द्या. मग प्रत्येक तुकडा कडेने कापूनच घ्या, कारण सगळी शीट आता एकाच फिल्मखाली आहे.

छपाईत रंग सरकलेला किंवा अक्षर तुटलेलं असेल तर शीट बदलून देऊ. पाण्यात टाकलेली मात्र परत घेत नाही, तेव्हा पाकीट उघडल्याबरोबर उजेडात एकदा बघून घ्या.